झोपेच्या मशीनचा मास्क गळतो तेव्हा



या अंकात ऊस सोडून थोडा वेगळा विषय घेतला आहे. त्याला कारण घडले. गेल्या महिन्यात आम्ही रिसोड भागात लागणीच्या पाहणीस गेलो होतो. तेथील एका सभासदांना झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे. डॉक्टरांनी दिलेले सीपॅप मशीन मात्र कपाटात! "साहेब, रातभर डोळ्यात हवा शिरते. ठेवून देलं," असे ते म्हणाले. दुपारी ट्रॅक्टरवर डुलकी लागते, हेही त्यांनीच सांगितले. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या असताना डुलकी लागली तर काय होईल, ते आपणास सांगणे नको.

मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, दचकून जाग येणे, दिवसा पेंग येणे ही या विकाराची लक्षणे. मुंबईच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरी सात-आठ जणांना दिवसाच्या पेंगेसह हा विकार आढळला.

झोपेत घशाची वाट सैल पडून मिटते. मशीन हवेच्या दाबाने ती उघडी ठेवते. हा उपाय ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली मांडला. दाब किती? तर ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका. आपल्या ठिबकचा १ किलो दाब म्हणजे सुमारे १० मीटर पाणी! थोडी गळती मशीन भरून काढते, पण नळी फुटल्यावर शेवटच्या ड्रिपरचे जे होते तेच जास्त गळतीत घशाचे होते.

तेव्हा पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. मास्क बसून नव्हे, तर आडवे होऊन, मशीन चालू ठेवून बसवावा.

२. पट्टे करकचून आवळू नयेत. त्याने गादी चेपते आणि गळती उलट वाढते. मास्क किंचित उचलून पुन्हा टेकवावा, गादी फुगून नीट बसते.

३. गादी रोज सौम्य साबणाने धुवावी, झोपण्यापूर्वी तोंडही धुवावे. तेलकट चेहऱ्यावर मास्क सरकतो.

४. दाढी-मिशा, काढून ठेवलेली कवळी, चुकीचे माप किंवा झिजलेली गादी यांनीही गळती होते. तोंड उघडे पडत असेल किंवा नाक चोंदत असेल, तर डॉक्टरांना सांगून मास्क बदलून घ्यावा.

५. मास्कची बारीक भोके मुद्दाम ठेवलेली असतात. सोडलेला श्वास त्यातून बाहेर जातो. ती कधीही बुजवू नयेत. वीज गेली तर मास्क काढावा.

दाब मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करू नये.

आमचे ते सभासद मास्क घेऊन डॉक्टरांकडे गेले. माप मोठे निघाले! लहान मास्क मिळाला, आता रात्र बरी जाते. आपल्या घरी कोणी मशीन कपाटात ठेवले असेल, तर आजच बाहेर काढावे. आणि पेंग येत असेल, तर स्टिअरिंग धरू नये, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी