विज्ञान-साहित्यासाठी अनुदान : पाठापासून प्रस्तावापर्यंत

विज्ञान हा केवळ वाचावयाचा विषय नव्हे. तो पाहावयाचा, मोजावयाचा व करून बघावयाचा विषय आहे, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. तथापि तापमापक एक आणि मुले बत्तीस असली, म्हणजे एक मूल तापमान वाचते व एकतीस मुले तो आकडा वहीत उतरवून घेतात. खेड्यातील मुलास बुद्धी कमी नसते. कमी पडते ती हाताशी मिळणारी वस्तू. ही उणीव फार मोठ्या रकमेची नाही, आणि ती भरून काढण्याच्या वाटाही उपलब्ध आहेत. त्या वाटांचा व प्रस्ताव करण्याच्या पद्धतीचा विचार या पाठात केला आहे.

१. आरंभ पाठ्यपुस्तकापासून

‘प्रयोगशाळा हवी’ या मागणीपासून आरंभ करणे म्हणजे उलट्या क्रमाने चालणे होय. शिक्षकांनी प्रथम परिसर अभ्यास, सामान्य विज्ञान व गणित यांची पाठ्यपुस्तके समोर घ्यावीत, आणि प्रत्येक पाठापुढे तीन रकाने आखावेत : शाळेत काय आहे, गावात काय मिळेल, विकत काय घ्यावे लागेल. दुसरा रकाना अपेक्षेपेक्षा लवकर भरतो. किराणा दुकानातील तराजू, बिघडलेल्या ध्वनिक्षेपकातील चुंबक, सायकलचे जुने चाक, सुताराकडील लाकडाचे तुकडे ही सारी साधनेच आहेत. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम अशाच साध्या व स्वस्त साहित्यावर उभा राहिला आणि २००२ पर्यंत चालला. तिसऱ्या रकान्यात जे उरेल, तीच शाळेची खरी मागणी.

२. आराखड्यात नोंद

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा असतो, आणि शासनाने अथवा स्थानिक प्राधिकरणाने द्यावयाच्या अनुदानास तोच आराखडा आधारभूत मानावा, असे कायदाच सांगतो. म्हणून तिसऱ्या रकान्यातील यादी समितीच्या सभेत वाचून दाखवावी, तीवर ठराव घ्यावा व ती आराखड्यात समाविष्ट करावी. समितीचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्यासमोर मुलांकडून एखादा प्रयोग करवून घेतल्यास ठरावास वेगळ्या शिफारशीची गरज उरत नाही.

३. पैशाच्या वाटा

(अ) संयुक्त शाळा अनुदान : २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत हे अनुदान पटसंख्येवर ठरविले आहे. योजनेच्या निकषांप्रमाणे ८० पटाच्या शाळेसाठी २५,००० रुपयांची मर्यादा होते. किमान दहा टक्के, म्हणजे २,५०० रुपये, स्वच्छतेसाठी राखावयाचे असतात. उरलेल्या रकमेतून वीज, किरकोळ दुरुस्ती व अध्यापन-साहित्य भागवावे लागते. यादी आधी तयार नसेल, तर विज्ञानाचा वाटा इतर खर्चात विरून जातो. प्रत्यक्ष मंजूर रक्कम दरवर्षी गटसाधन केंद्रातून जाणून घ्यावी.

(आ) कंपन्यांचा सामाजिक निधी : कंपनी अधिनियम, २०१३ याच्या कलम १३५ प्रमाणे ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. त्यात शिक्षणाचा अंतर्भाव आहे व स्थानिक क्षेत्रास प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. तालुक्यात कारखाना असल्यास तेथे अर्ज करावा. मात्र त्यापूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्यांस लेखी कळवावे.

(इ) विद्यांजली : केंद्र शासनाच्या या व्यवस्थेवर शाळेस आपली गरज नोंदविता येते व इच्छुक नागरिक वस्तू अथवा सेवा देऊ शकतात.

(ई) ज्या वाटा आपल्या नव्हेत : अटल टिंकरिंग प्रयोगशाळेची योजना २० लाख रुपयांपर्यंतची असून ती सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिला प्रशस्त दालन लागते. चौथीपर्यंतच्या शाळेने तेथे श्रम वेचू नयेत. जवळच्या माध्यमिक शाळेत अशी प्रयोगशाळा असल्यास तेथे मुलांना नेण्याची परवानगी मागावी. त्याचप्रमाणे इन्स्पायर मानक योजनेतील १०,००० रुपये निवड झालेल्या विद्यार्थ्यास त्याच्या प्रतिकृतीसाठी मिळतात. ती रक्कम शाळेच्या साहित्यासाठी धरू नये.

४. प्रस्तावाची भाषा

‘शाळेस विज्ञान-साहित्याची नितांत आवश्यकता आहे, तरी साहाय्य व्हावे,’ या वाक्यावरून कोणालाही काही ठरविता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘सहावी व सातवीची ३२ मुले चारचारांच्या आठ गटांत विद्युत परिपथ, चुंबक व तापमान हे पाठ स्वतः प्रयोग करून शिकतील. त्यासाठी आठ संच हवेत. लाकडी पट्ट्या गावातून मिळाल्या आहेत. साहित्याची जबाबदारी विज्ञान शिक्षकांकडे राहील व वर्षअखेर मुलांच्या प्रयोगवह्या पाहावयास मिळतील.’ सोबत समितीचा ठराव, दरपत्रके व शाळेचा यू-डायस क्रमांक जोडावा. प्रस्तावातील पटसंख्या यू-डायसमधील नोंदीशी जुळते की नाही, हे आधी ताडून पाहावे.

५. साहित्य आल्यानंतर

साहित्य जडसंग्रह नोंदवहीत चढविले जाते आणि मोडतोडीच्या भीतीने कपाटात बंद राहते, असे अनेक ठिकाणी घडते. मुलांच्या हातून भिंग फुटणे हा गैरव्यवहार नव्हे. अशी नोंद समितीसमोर ठेवून विहित रीतीने निर्लेखन करून घेता येते. यादीत सेल, बल्ब, तारा अशा संपणाऱ्या वस्तूंसाठी दरवर्षी थोडी तरतूद ठेवावी. पुढील वर्षी अनुदान मागताना वापरून झिजलेला संचच शाळेची बाजू सर्वांत समर्थपणे मांडतो. कोरा संच मात्र तिच्याविरुद्ध साक्ष देतो.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

१. आपल्या शाळेतील कोणत्याही एका इयत्तेच्या विज्ञानाच्या पाठांचा तीन रकान्यांचा तक्ता तयार करून आणावा.
२. मागील वर्षाच्या संयुक्त अनुदानातून विज्ञान व गणित यांच्या साहित्यावर किती खर्च झाला?
३. कपाटातील कोणते साहित्य वर्षभरात एकदाही बाहेर निघाले नाही, आणि का?