तारुण्यपीटिका आणि वनस्पतींची मात्रा

(तृतीय वर्ष कला, संस्कृत)

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कविता असतात, प्रवासवर्णने असतात, थोरांची चरित्रे असतात. परंतु आपल्यापैकी बहुतेकांना रोज सकाळी आरशासमोर जो प्रश्न पडतो, त्यावर सहसा कोणी लेखणी उचलत नाही. तो प्रश्न म्हणजे तारुण्यपीटिका. बारा ते चोवीस या वयातील सुमारे ८५ टक्के मुलामुलींना कमीअधिक प्रमाणात त्या येतात, असे वैद्यकाच्या पुस्तकांत सांगितलेले असते. म्हणजे वर्गात पीटिका नसलेलाच विद्यार्थी अपवाद! तरीही ज्याला त्या येतात त्याला वाटते की सारे जग आपल्याच गालाकडे पाहत आहे. आणि मग सल्ले सुरू होतात. आजी सहाण पुढे करते, मावशी लिंबू सांगते, मैत्रीण कडुनिंब सांगते. शिवाय प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते : "झाडपाल्याचं आहे, अपाय काही होणार नाही." या वाक्यात कितपत तथ्य आहे, हे पाहणे हाच या लेखाचा हेतू आहे.

जुने ग्रंथ काय म्हणतात?

संस्कृत हा माझा मुख्य विषय असल्यामुळे मी सुरुवात तेथूनच केली. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'क्षुद्ररोग' नावाच्या प्रकरणात या विकाराचे नाव 'मुखदूषिका' असे दिले आहे. तरुणांच्या तोंडावर सावरीच्या काट्यांसारखे फोड येतात आणि त्यांस कफ, वात व रक्त कारण होतात, असे ते वर्णन आहे. सावरीचे खोड ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे सांगावयास नको. शार्ङ्गधरसंहितेत 'तारुण्यपिडका' असा शब्द येतो. आपल्या 'तारुण्यपीटिका' या शब्दाचा तो सख्खा नातलग होय.

शार्ङ्गधराचा लेप साधा आहे : लोध्र, धने आणि वेखंड. यांपैकी धने आपल्या स्वयंपाकघरात असतात, वेखंड बाळंतिणीच्या घरात असते आणि लोध्राची साल काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. लोध्राची साल तुरट असते आणि तुरट द्रव्य त्वचा आवळते, एवढा अनुभव सुपारी खाणाऱ्यालाही असतो. सुश्रुताने मात्र केवळ लेपावर भागवलेले नाही. त्याने वमनही सांगितले आहे. विकार वर दिसला तरी त्याचे मूळ आत आहे, हे त्याला मान्य होते.

याहून गमतीचा उपाय नंतरच्या ग्रंथांत सापडतो. सावरीचे काटेच दुधात वाटून लावावेत, म्हणजे तीन दिवसांत मुख कमळासारखे होते! फोड काट्यासारखे, म्हणून औषधही काट्याचे. आजही खेड्यांत हा उपाय सांगितला जातो. तीन दिवसांचे ते आश्वासन मात्र ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचा हिशेब घ्यावयाचा आहे.

पीटिका होते कशी?

आजचे वैद्यक सांगते की येथे चार गोष्टी एकत्र येतात. वयात येताना शरीरातील अँड्रोजेन संप्रेरके वाढतात, ती मुलींतही वाढतात, आणि त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल पाझरू लागतात. केसाच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म नळीचे तोंड मृत पेशींनी बुजते. आत साचलेल्या तेलावर 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीज' नावाचे जंतू पोसले जातात. शेवटी त्या जागी दाह होतो, लाली येते, पू धरतो.

हे चार टप्पे समजले की कोणत्याही औषधाला एक सरळ प्रश्न विचारता येतो : बाबा रे, तू यांपैकी कोणत्या टप्प्यावर काम करतोस? चेहरा कितीही वेळा खसखसून धुतला तरी नळीच्या आतील बूच निघत नाही, हेही यावरून कळते.

परीक्षेस उतरलेल्या वनस्पती

पहिले उदाहरण विलो या झाडाचे. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज नावाचे झाड असते, ते याच कुळातले. विलोच्या सालीतून १८२८ साली बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलिसिन वेगळे केले आणि १८३८ मध्ये पिरिया या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळवले. हे आम्ल नळीच्या तोंडाशी बसलेले बूच सैल करते, म्हणजे दुसऱ्या टप्प्यावर काम करते. पीटिकांसाठी त्याचे प्रमाण अर्धा ते दोन टक्के असते. हेच आम्ल याच्या कितीतरी पट तीव्र केले की पायाचे कुरूप झडते. द्रव्य एकच, एका मात्रेत चेहऱ्याचे औषध, दुसऱ्या मात्रेत कातडी सोलणारे. आज ते कारखान्यात तयार होते, सालीची गरज उरलेली नाही.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील टी ट्री या झाडाचे. नावात चहा असला तरी चहाशी त्याचा संबंध नाही. १९९० साली तेथे १२४ रुग्णांवर एक तुलना झाली. काहींना या तेलाचे पाच टक्क्यांचे औषध दिले, काहींना पाच टक्के बेंझॉईल पेरॉक्साइड. दोहोंनी फोड कमी झाले. तेलाचा गुण उशिरा आला, पण त्याने जळजळ व कोरडेपणा कमी झाला. मात्र हेच तेल पातळ न करता लावले तर त्वचेवर पुरळ उठू शकते आणि पोटात गेले तर ते विषारी ठरते.

तिसरे उदाहरण आपल्या गुग्गुळाचे. १९९४ मध्ये भारतीय डॉक्टरांनी गाठींच्या पीटिका असलेल्या वीस रुग्णांवर गुग्गुळाच्या गोळ्यांची टेट्रासायक्लिनशी तुलना प्रसिद्ध केली. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच गुण दिसला. परंतु वीस रुग्ण म्हणजे आपल्या वर्गाचे दोन बाक. एवढ्यावर निकाल लावता येत नाही.

२०१५ साली अशा पर्यायी उपचारांवरील ३५ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यांत ३२२७ रुग्ण होते. टी ट्री तेलासारख्या मोजक्या उपायांना थोडा आधार मिळाला, तोही कच्चा. हळद आणि कडुनिंब यांचे जंतुनाशक व दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसतात. पण परीक्षानळीतून गालापर्यंतचा रस्ता लांबचा असतो.

झाडपाल्याचा अपाय

आता त्या ठरलेल्या वाक्याकडे वळू. लिंबाचा रस तीव्र आम्ल आहे. शिवाय लिंबूवर्गीय फळांत अशी द्रव्ये असतात, की ती लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. बावचीच्या बियांतही असेच द्रव्य असते. लसणाची पाकळी बांधून ठेवल्याने त्वचा भाजल्याच्या नोंदी आहेत. हे सारे झाडपालेच आहेत.

वसतिगृहातील माझ्या एका मैत्रिणीने 'शुद्ध वनस्पतिजन्य' म्हणून एक डबी आणली होती. तिच्यावर घटकांची यादी नव्हती. आठवड्यात चेहरा नितळ झाला, आम्ही सगळ्या चकित झालो. डबी संपताच पूर्वीपेक्षा दुप्पट फोड आले. त्वचारोगतज्ज्ञांनी डबीचा इतिहास ऐकताच तीत स्टेरॉइड असावे अशी शंका व्यक्त केली. तीन दिवसांत कमळ करणाऱ्या औषधाबद्दल आपण सावध का असावे, ते येथे समजते. पीटिकांवरील खऱ्या औषधांना आठ ते बारा आठवडे लागतात. घाईने गुण देणाऱ्याकडे आधी संशयाने पाहावे.

समारोप

मग आजीची सहाण अडगळीत टाकावी काय? मुळीच नाही. चार-दोन साध्या फोडांवर धने-लोध्राचा सौम्य लेप लावावयास हरकत नाही. आधी कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी, आग झाली तर धुऊन टाकावा. फोड नखाने फोडू नयेत. पण गाठी येत असतील, दुखत असतील, खड्डे पडू लागले असतील, तर लेपांत महिने घालवू नयेत. पीटिका वयाबरोबर जातात, व्रण मात्र राहतात. अशा वेळी डॉक्टरांकडे जाणे म्हणजे परंपरेचा अपमान नव्हे. सुश्रुतानेही लेपाने भागत नाही तेथे पुढचा उपाय सांगितलाच आहे.

'मात्रा' हा शब्द आपण कलाशाखेचे विद्यार्थी छंदःशास्त्रात शिकतो. एक मात्रा कमी-जास्त झाली की वृत्त बिघडते. वैद्यकातही तेच आहे. वनस्पती कोणती, याबरोबरच ती किती, किती दिवस आणि कोणाला, हे विचारले तरच तिची मात्रा लागू पडते. आणि हो, ज्याच्या चेहऱ्यावर पीटिका आहेत त्याला न विचारता सल्ला देण्याची मात्रा आपण सर्वांनीच थोडी कमी करावी. त्या औषधाचा गुण सर्वांत लवकर येईल!