पिशवी आता ट्रंकेत ठेव

परवा तुझ्याकडे आले तेव्हा चुलीवर भात करपत होता आणि तू दारात उभी राहून मोबाइलला रेंज शोधत होतीस. नागरिकत्वाचा अर्ज पुढे सरकला का ते बघायला. सकाळपासून चौथ्यांदा, असं तुझा मुलगा म्हणाला. तेव्हा मी गप्प बसले. पण तू मला दीदी म्हणतेस, म्हणून आज बोलते.

तुझ्या सासरच्यांना तुझी धास्ती कळत नाही, यात त्यांचा दोष नाही गं. त्यांचे आजोबा १९६४च्या सुमारास पूर्व पाकिस्तानातून आले. सरकारनंच त्यांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, मुलचेरा-चामोर्शीच्या जंगलात जमीन देऊन वसवलं. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ला, ते त्याच्याही आधीचे. तू आलीस १९९४ला, आईच्या कडेवर. अंगण एक असलं तरी कागद एक नाही. म्हणून ‘इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार’ असं कुणी म्हटलं की तुला आणखीच एकटं वाटतं. नवऱ्याला एकदा जवळ बसवून सांग, की मला समजूत नको, नुसतं ऐकून घ्या.

रात्री तुला झोप लागत नाही ती एकाच विचारानं: अर्ज करून आपणच आपलं नाव सरकारच्या हाती दिलं. नागरिकत्वाच्या कायद्यातलं कलम ६ब एकदा कुणाकडून नीट वाचून घे. केवळ अर्ज केला म्हणून, अर्जाच्या दिवशी असलेले हक्क काढून घेता येत नाहीत, असं त्यात आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. निकाल तुझ्याच बाजूनं लागेल, असं मात्र मी म्हणणार नाही. खोटा दिलासा दोन दिवस पुरतो, मग जास्त दुखतं. या कलमाखालच्या अर्जांचे नियम आले ११ मार्च २०२४ला. जिल्ह्याची समिती कागद तपासते, ठरवते ती वरची समिती. आपल्या हातात होतं ते तू केलंस.

आमचा वनहक्काचा दावा पडून होता ती वर्षं आठवतात मला. बांधावर आंब्याचं कलम लावायचं होतं. पट्टा आल्यावर लावू, म्हणत राहिले. विहिरीचा कठडाही तसाच, लेकीचं शिवणकामही तसंच. शेवटी एका पावसाळ्यात सासूबाईंनी मला न विचारता खड्डा खणला आणि कलम लावून मोकळ्या झाल्या. पट्टा यायचाच होता अजून, आणि कलमाला पालवी फुटली. मी त्या पालवीशी बसून रडले होते, पोरी. कागदाची वाट बघता बघता मी जगायचंच थांबवलं होतं, हे तेव्हा कळलं.

तुझ्या घरामागचं तळं यंदा रिकामं दिसलं. मत्स्यबीज सोडलं नाहीस ना? का नाही सोडलंस, ते मला ठाऊक आहे. या पावसाळ्यात सोड.

आणि मोबाइल फक्त बाजाराच्या दिवशी बघ. तिथं रेंजही असते आणि मीही असते. बाबांचे जुने कागद घातलेली ती प्लास्टिकची पिशवी उशाखाली घेऊन झोपतेस, घड्या विरल्यात त्यांच्या. झेरॉक्स काढू, एक संच माझ्याकडे राहील, मूळ कागद ट्रंकेत. छातीत धडधड वाढली, जेवण जाईनासं झालं तर १४४१६ला फोन लाव. टेली-मानस म्हणतात, पैसे पडत नाहीत, रात्रीही कुणीतरी असतं, मराठीत बोलता येतं. मुलालाही सांग काय चाललंय ते. त्याला अर्धंमुर्धं कळलेलंच आहे, ते जास्त भिववतं.

अर्ज भरताना एका भाषेचं पुरेसं ज्ञान आहे असं लिहून द्यायचं होतं, तेव्हा तू अडलीस, आठवतं? बंगाली लिहू की मराठी, म्हणून विचारलंस आणि स्वतःच हसलीस. कित्येक दिवसांनी हसलीस तू त्या दिवशी. गुरुवारी ये. येताना मुलालाही आण, भात माझ्याकडेच खा.