परदेशी फंडांचे अर्ज आणि आगाऊ निवाडा

मॉरिशसचे बेट आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. पण शेअर बाजारात पैसा लावणाऱ्यांना त्याचे नाव चांगले ठाऊक आहे. परदेशी फंड तिथे कंपनी उघडत आणि तिच्यामार्फत मुंबईत शेअर घेत. नफ्यावर भारतात टॅक्स लागेल काय, हे त्यांना सौद्याआधीच हवे असते. आपणही माल उचलण्याआधी भाव पक्का करतोच.

यासाठी १९९३ साली कायद्यात सोय झाली. आगाऊ निवाडा देणारे एक प्राधिकरण ठरले आणि सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष असत. अर्ज आला की प्राधिकरण लगेच उत्तर देत नसे. आधी अर्ज घ्यायचा की नाही तेवढेच पाही. तोच प्रश्न टॅक्स अधिकाऱ्यापुढे किंवा कोर्टात पडून असेल, मालमत्तेची बाजारकिंमत ठरवून हवी असेल किंवा सगळा व्यवहार सकृद्दर्शनी टॅक्स टाळण्यासाठीच रचलेला दिसत असेल, तर अर्ज दारातूनच परत. १९९६ मध्ये एका ब्रिटिश बँकेच्या समूहाचा मॉरिशसमार्गे गुंतवणुकीचा अर्ज याच तिसऱ्या कारणाने परत गेला.

अर्ज आत गेला की खरा वाद नफ्याच्या जातीचा. दुकानातले कापडाचे ठाण हा माल, तो विकून मिळतो तो धंद्याचा नफा. यंत्रमाग विकला तर तो भांडवली नफा. फंडाचे शेअर ठाण की माग? परदेशी कंपनीचे भारतात कायम ठिकाण नसेल, तर करारानुसार तिच्या धंद्याच्या नफ्यावर इथे टॅक्स लागत नाही. म्हणून काही फंड स्वतःला व्यापारी म्हणवून घेत आणि काही अर्जांत प्राधिकरणाने ते मानलेही. २००७ मध्ये एका फंडाच्या अर्जावर मात्र उलट ठरले, की हा भांडवली नफाच. वाद शेवटी कायद्यानेच मिटवला. २०१४ च्या दुरुस्तीने अशा परदेशी संस्थांचे शेअर म्हणजे भांडवली मालमत्ता, असे लिहून टाकले.

एकाच प्रश्नाला दोन उत्तरे कशी, असे वाचक विचारतील. निवाडा फक्त अर्जदाराला, त्याच्या त्या व्यवहारापुरता आणि त्याच्या टॅक्स अधिकाऱ्यांना बांधून ठेवी. शेजाऱ्याची पावती दाखवून आपले देणे फिटत नाही, तसेच हे.

हे सारे मोठ्या लोकांचे मामले, असे समजू नका. दुबईत नोकरी-धंदा करणाऱ्या आपल्या माणसांनाही, अनिवासी म्हणून, हाच दरवाजा होता. भारत आणि संयुक्त अरब अमिरातीचा करार १९९२ चा. अमिरातीत व्यक्तीवर इन्कम टॅक्स नाही, मग कराराची सवलत मिळते का? नव्वदीच्या दशकात प्राधिकरणाने एका दुबईवासीला 'मिळते' म्हटले, तर १९९९ मध्ये दुसऱ्याला 'नाही, कारण तुम्ही तिथे टॅक्स भरतच नाही'.

मॉरिशसचा खटला इथेच आडवा आला. १३ एप्रिल २००० च्या परिपत्रकाने मॉरिशस सरकारचा रहिवासी दाखला पुरावा म्हणून पुरेसा मानला होता. त्याविरुद्धची लढाई सुप्रीम कोर्टात गेली आणि २००३ मध्ये कोर्टाने परिपत्रक राखले. टॅक्सच्या कक्षेत असणे वेगळे, प्रत्यक्ष टॅक्स भरणे वेगळे, असे म्हणून कोर्टाने १९९९ चा तर्क नाकारला. तरीही २००५ मध्ये प्राधिकरणाने दुबईच्या एका अर्जदाराला पुन्हा नकार दिला! माझ्या मते हा मामला कागदावरच्या एका शब्दाचा होता. २००७ मध्ये करार दुरुस्त झाला, तेव्हा तो सुटला: वर्षात १८३ दिवस अमिरातीत राहील तो तिथला रहिवासी.

मॉरिशसची वाट २०१६ च्या दुरुस्तीने आवळली. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेले शेअर विकून झालेल्या नफ्यावर टॅक्स भारतात लागतो. जुने प्राधिकरणही गेले. १ सप्टेंबर २०२१ पासून त्याची जागा खात्याच्याच वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मंडळाला दिली गेली. त्याचा निवाडा अर्जदाराला किंवा खात्याला बांधील नसतो. पटला नाही तर दोघांनाही हायकोर्टात अपील करता येते. दुबईच्या भाच्याने विचारले, तर त्याला पासपोर्टवरच्या शिक्क्यांची तारीखवार नोंद आणि तिथला रहिवासी दाखला जपून ठेवायला सांगा.