जड पाण्यानं रॉड जळतो, पण त्यासाठी कर्ज काढण्याआधी हे वाचा

ताईंनो, पाणी तापवायचा रॉड एक हिवाळा टिकत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरं बसतं, कुलरच्या जाळ्या दगडासारख्या होतात, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. बोअरचं पाणी वापरणाऱ्या कितीतरी घरांत ही तक्रार आहे. आपण म्हणतो, "पाणी जड आहे." शाळेच्या पुस्तकात त्याला कठीण किंवा दुष्फेन पाणी म्हणतात. याच तक्रारीवर बोट ठेवून मशीन विकणारे दारात येतात आणि गटातून हजारोंचं कर्ज उचललं जातं. म्हणून आधी पाणी समजून घेऊ.

आपल्या जिल्ह्याखाली मुख्यतः काळा पाषाण आहे. पावसाचं पाणी मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. जितके दिवस खडकात राहील तितकं ते जड होतं. म्हणून सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणाचं पाणी सहसा हलकं आणि खोल बोअरचं जड.

पाणी तापलं की तो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेलं कॅल्शियम पुन्हा घट्ट होऊन बसतं. भांड्याला बसतं ते पांढरं म्हणजे चुनखडीच. हिशेब करून बघा. समजा पाण्याचा जडपणा लिटरला 400 मिलिग्रॅम आहे आणि रोज 20 लिटर पाणी तापवता. म्हणजे दिवसाला 8 ग्रॅम, महिन्याला 240 ग्रॅम क्षार त्या भांड्यातून जातात. सगळे बसत नाहीत, पण थोडे थोडे बसले तरी थर चढतो. या थरातून उष्णता नीट जात नाही. चुलीवरच्या भांड्याला त्यामुळे सरपण जास्त लागतं. रॉडचं आणि गिझरचं वेगळं: आतली तार तापते, उष्णता बाहेर पडत नाही, तार जास्तच तापून जळते.

कुलरमध्ये पाणी न तापवताही थर येतो, कारण उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार मागंच राहतात. आपण वरून रोज भर घालतो, त्यामुळे टाकीतलं पाणी आणखी जड होतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा. डासांची अळीही त्यातच जाते.

थर काढायला एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घाला. रॉडचा प्लग काढून, रॉड गार करून फक्त वेटोळ्याचा भाग तासभर त्यात बुडवा. फसफसतं, ते थर सुटत असल्याचं लक्षण. मग चांगलं धुवा. महिन्यातून एकदा केलं तर पुरे. जाड थर होईपर्यंत थांबू नका. चाकूनं खरवडू नका, रॉडवरचं आवरण जातं. संडास धुवायचं ॲसिड तर नकोच, ते धातू खातं. आणि लिंबूसत्त्व असो की ॲसिड, ब्लीचिंग पावडरमध्ये कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

डाळीसाठी आधी पाणी दहा मिनिटं उकळा, निवू द्या, खाली बसलेला साका सोडून वरचं पाणी घ्या. सगळा जडपणा जात नाही, पण बराच कमी होतो. तुरटीनं मात्र गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही.

आता मशीनवाल्यांकडं वळू. काही जण दोन सळ्यांचं यंत्र बोअरच्या पाण्यात घालतात आणि पाणी तपकिरी होतं. "बघा ताई, हे पिता तुम्ही!" तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. विजेनं यंत्राची लोखंडी सळई झिजते, तिचा तो गंज. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, त्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. टीडीएस मीटरही फक्त एकूण विरघळलेले क्षार दाखवतं. त्यात फ्लोराइड किती, जंतू आहेत का, हे त्यातून कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं जडपणासाठी आरोग्याच्या कारणानं कोणतीही मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम शरीराला लागतातच. आणि स्वयंपाकघरात आरओ बसवला तरी न्हाणीतल्या रॉडला, कुलरला बोअरचंच पाणी जाणार! शिवाय घरगुती आरओ जेवढं पाणी देतो त्याहून जास्त बाहेर सोडतो. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीला हे परवडणारं नाही.

मग आरओ कधी लागतो? तपासणीत फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त निघालं आणि दुसरा उद्भव नसेल तर. हे दोन्ही उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्यानं दाट होतात. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संच वापरायचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. आपल्या गावात त्या कोण, हे ग्रामपंचायतीत किंवा जलसुरक्षकाला विचारा. तपासणी झाली की तीन आकडे वहीत लिहून घ्या. जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा उद्भव नसेल तर 600 पर्यंत चालतो. फ्लोराइड 1.5 च्या आणि नायट्रेट 45 च्या वर नको. त्याहून जास्त आलं तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगा आणि अहवाल आल्यावर विषय ग्रामसभेत मांडा. पाण्याच्या मशीनसाठी कर्जाचा अर्ज आला तर गटानं आधी हा अहवाल मागावा.