सिस्टरना सगळं सांगूया

उपकेंद्रातल्या सिस्टर किंवा आशाताई घरी आल्या, की आपण पटकन म्हणतो, "सगळं बरं आहे." पोर दीड वर्षाचं झालं तरी हाकेला वळत नाही, हे मनाला टोचत असतं. पण शेजारी सासूबाई असतात, गॅसवर दूध असतं, आणि बोलून दाखवलं तर ते खरंच ठरेल अशी धास्ती वाटते. मग "याचे बाबाही उशिराच बोलायला लागले," असं म्हणून आपण विषय संपवतो.

ही धास्ती मी जाणते. तरीही वाटतं, सांगावं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. वाढीत मागे पडलेल्या मुलाला पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. पण गर्दीत, रडत्या पोराला तपासून सगळं कसं कळणार? रात्री ते किती जागतं, घास कसा गिळतं, हे आपल्यालाच ठाऊक. आकडी आली, तर मूल सुरक्षित असल्याचं बघून कुणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

बोलता न येणारं मूल मोठं झालं, की काळजी आणखी वाढते. ते डोकं आपटतं, ताट ढकलतं, दमलेले आपण म्हणतो, "आज फारच हट्ट चाललाय." कदाचित कान ठणकत असेल, दाढ दुखत असेल, चार दिवस पोट साफ झालं नसेल. वागणं अचानक बदललं, तर सिस्टरना एवढंच म्हणा, "याला कुठे दुखतंय का, बघता?"

हे बोलताना एक सांभाळूया. मुलासमोर "याला काही कळत नाही" असं नको म्हणायला. बोलता येत नसलं, तरी आपला सूर त्याच्यापर्यंत पोहोचतो. सिस्टर दिसल्या की त्याला सुई आठवते. आज सुई नसेल, तर तसं आधीच सांगावं, त्याचं आवडतं खेळणं हातात द्यावं.

आणि "तुम्ही कशा आहात?" असं त्यांनी विचारलं, तर झोप होत नाही, उचलून उचलून पाठ दुखते, रडू येतं, हेही सांगा. मुलाला सांभाळायचं, तर तुम्ही धड असायला हव्यात.

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी विचारून घ्या, "आमच्या अंगणवाडीत पथक कधी येणार?"