कोणी केलं, की कसं झालं?

सॉफ्टवेअरच्या नोकरीत एक बरी सवय लागते. काही बिघडलं की पहिला प्रश्न ‘काय झालं?’ असा येतो. घरी मात्र तोंडून आधी निघतं, ‘कोणी केलं हे?’

गोंदियात बसून आपल्यातले कितीतरी जण आता पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांचं काम करतात. कोणी अधूनमधून रेल्वेने नागपूरला मिहानमधल्या ऑफिसपर्यंत जाऊन येतं. बाकी नोकरी मुलांच्या डोळ्यांदेखत चालते. दाराशी येऊन ती आधी विचारतात, ‘आई, कॉलवर आहेस का?’ आणि त्या कॉलवर आपण किती गोड बोलतो, हेही ऐकतात. तिकडच्या नवख्या पोराने चालू यंत्रणा बंद पाडली तरी आपण म्हणतो, ‘घाबरू नको, बघू या.’ मग हेडफोन उतरतो, आणि हरवलेल्या कंपासपेटीवरून आपण घर डोक्यावर घेतो.

संध्याकाळपर्यंत सगळा धीर ऑफिसातच संपलेला असतो, हे खरं. कुकर लावायचा असतो, आजीच्या गोळ्या द्यायच्या असतात, त्यात लाईन गेलेली. अशा वेळी दप्तराच्या तळाशी चाचणीचा लपवलेला पेपर सापडला की डोकं फिरणारच.

पण मूल पेपर लपवतं कधी? दाखवल्यावर काय होतं, हे त्याला आधीच ठाऊक झालेलं असतं तेव्हा. ‘का केलंस असं?’ या प्रश्नाला आठ वर्षांच्या मुलाकडे खरंच उत्तर नसतं. ते खाली मान घालून उभं राहतं आणि आपल्याला वाटतं, बघा, कसं हट्टी आहे. आत त्याच्या पोटात गोळा आलेला असतो.

आमच्या धंद्यात ही गोष्ट लोकांनी बरेच चटके खाऊन ओळखली. नॉर्मन कर्थ यांनी 2001 मध्ये कामाच्या उजळणीवर पुस्तक लिहिलं. त्यांचा पहिला नियम असा, की त्या वेळी जेवढं माहीत होतं आणि जे हाताशी होतं, त्यात प्रत्येकाने आपल्या परीने चांगलंच काम केलं, हे धरूनच बोलायला बसायचं. पुढे 2012 मध्ये जॉन ऑलस्पॉ यांनी ‘एट्सी’ या हस्तकलेच्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीतली पद्धत मांडली. चूक करणाऱ्याने काय घडलं ते न घाबरता, सविस्तर सांगायचं. यात मायेपेक्षा व्यवहार जास्त आहे. घाबरलेला माणूस तपशील लपवतो, आणि तपशील लपला की तीच चूक पुन्हा होते.

आपल्या धानाच्या पट्ट्यात हे समजवायला पुस्तक कशाला हवं? बांधीतलं पाणी उतरलं की शेतकरी धानावर ओरडत नाही. धुऱ्यावरून फिरतो आणि खेकड्याने कुठे पोखरलंय ते शोधतो.

मग घरी काय करता येईल? जमेल तेवढंच सांगते.

एक म्हणजे, आग लागलेली असताना चौकशी नको. आम्ही बंद पडलेलं काम आधी सुरू करतो, चर्चा नंतर. सकाळी वही सापडत नाही आणि ऑटोवाला हॉर्न देतोय, तेव्हा फक्त वही शोधा. ‘तुला शंभरदा सांगितलं’ हे संध्याकाळवर टाका. संध्याकाळपर्यंत त्यातला निम्मा राग आपोआप उतरतो.

बोलायला बसलात की ‘का’ऐवजी क्रमाने विचारा. ‘आधी काय झालं? मग तू काय केलंस? तेव्हा तुला काय वाटलं?’ याची उत्तरं मुलाला देता येतात. चाचणीचंही तसंच. आम्ही चाचण्या घेतो त्या चूक वेळेत सापडावी म्हणून. कमी गुणांचा पेपर कुठे अडतंय ते दाखवतो, तेवढाच त्याचा उपयोग करून घ्या.

चूक पुन्हा पुन्हा होत असेल तर घरची मांडणीही बघा. डबा रोज ओट्यावर राहतो ना? मग तो भरल्यावर बुटांजवळ ठेवून बघा. कितीदा तरी मूल विसराळू नसतं, वस्तूची जागा चुकलेली असते.

याचा अर्थ सगळं माफ असा नाही. कप फुटला तर तुकडे आपण उचलू, पण फरशी त्याने पुसायची. ऑफिसातही ज्याच्या हातून बिघडलं तोच दुरुस्त करतो, फक्त शेजारी कोणीतरी बसलेलं असतं.

ब्रूस फाइलर या अमेरिकन लेखकाने 2013 मध्ये सॉफ्टवेअरवाल्यांची आठवड्याची बैठक घरात आणण्याबद्दल लिहिलं. या आठवड्यात घरात काय छान झालं, काय जमलं नाही, पुढच्या आठवड्यात कशावर लक्ष द्यायचं, एवढे तीनच प्रश्न. शिक्षा काय असावी हेही तो आपल्या मुलींनाच विचारायचा. त्या इतक्या कडक शिक्षा सुचवायच्या की आई-बापालाच त्या सौम्य कराव्या लागायच्या. रविवारी नाश्त्याला आपणही असं बसू शकतो. ‘काय जमलं नाही’ याचं उत्तर मात्र आधी मोठ्यांनी द्यायचं, म्हणजे मुलांची जीभ सुटते.

एक सांभाळा. घराचं ऑफिस करू नका. भिंतीवर कामांचा फळा, ताऱ्यांचे गुण, मुदती यांचा मोह आमच्यासारख्यांना फार. पण मूल म्हणजे हातात घेतलेला प्रोजेक्ट नव्हे, आणि लाडात येऊन वेळ वाया घालवणं हा त्याचा हक्कच आहे.

हे सगळं रोज जमणार नाही. दमलेल्या दिवशी आवाज चढेलच. कर्थ यांचा नियम त्या दिवशी स्वतःलाही लावा, आणि निजण्याआधी मुलाला म्हणा, ‘मघाशी मी फार ओरडले. आता सांग, काय झालं होतं?’ ते सांगू लागलं की मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐका. उपाय सकाळी शोधला तरी चालतो.